हॅमंड चिताऱ्याच्या अकरा प्रभावळी

हॅमंड चितारी आमच्या गल्लीत राहायचा तेव्हा टेम्सच्या अलीकडे त्याच्याइतका भित्रा माणूस दुसरा नव्हता. पलीकडे कोणी असलाच तर तो भीतीपोटी घराबाहेर पडत नसणार, म्हणून आम्हाला ठाऊक नाही. हॅमंड शेजारच्या चांभाराच्या हंसांना भ्यायचा. गडगडाटाला भ्यायचा. शुक्रवारी मासे खाताना काटा घशात अडकेल म्हणून आधी भाकरीचा तुकडा हातात धरून बसायचा, आणि मग भाकरी अडकेल म्हणून पेला जवळ ओढायचा. बायकोलाही भ्यायचा, पण तो भित्रेपणा नव्हे, तो शहाणपणा. एव्हिसला मीसुद्धा भ्यायचो.

पण हाच माणूस खारीच्या शेपटीच्या केसांची कुंचली हातात धरून बसला की निराळा व्हायचा. आमची गल्ली सेंट पॉलच्या मोठ्या चर्चच्या सावलीतली. निम्म्या दुकानांत जपमाळा, निम्म्यांत पुस्तकं. पुस्तकं म्हणजे काय, तर वासराचं कातडं, आणि त्यावर कोणीतरी पाठ मोडेस्तोवर केलेलं काम. एकाच घरात आख्खं पुस्तक कधी होत नसे. आठ-आठ पानांच्या जुड्या निरनिराळ्या घरी जायच्या. कोणी लिहायचा, कोणी मोठी अक्षरं रंगवायचा, कोणी माणसं काढायचा. पुस्तकाचं बाळंतपण दहा घरांत, बारसं मात्र माझ्याकडे, कारण मी बांधणीवाला. त्यामुळे कोणाच्या जुडीत काय आहे हे शेजारच्या घराला माहीत नसायचं, आणि माझ्या कानावर मात्र सगळं यायचं. देवाने मला कान दिलेत ते टोपी अडकवायला नव्हेत.

हॅमंड माणसं काढायचा. कवितेच्या ओळींच्या बाजूला, कोऱ्या कडेला, अंगठ्याएवढी. कवितेत खादाड साधू आला की कडेला खादाड साधू. बाई आली की बाई. त्याचा साधू असा असायचा की त्याच्या पोटातली गुरगुर ऐकू यावी. पण त्याने काढलेल्या माणसाला वाईट कसं म्हणावं, हा प्रश्न पडायचा. लबाड दुकानदार काढला तरी वाटायचं, याच्याकडून उद्या मेणबत्त्या घ्याव्यात.

आणि गंमत अशी की हॅमंडला वाचता येत नव्हतं. एकेक मोठं अक्षर तो सोन्यानिळ्याने सजवायचा, पण अक्षराला अक्षर जोडून काय होतं हे त्याला सांगता येत नसे. यात लाजण्यासारखं काही नव्हतं. आमच्यातल्या निम्म्या चिताऱ्यांचं असंच होतं. काय काढायचं ते पुस्तकांचा दलाल येऊन तोंडी सांगायचा.

त्या वर्षीचं काम गॉडफ्री दलालाचं होतं. गॉडफ्री म्हणजे तेल लावलेल्या दाढीचा, गोड बोलणारा, बायकांना टोपी काढून इतका वाकणारा की टोपीने फरशी पुसली जावी. त्याने हॅमंडकडे एका लांबलचक इंग्रजी कवितेची जुडी दिली आणि दर सोमवारी येऊन तो तिपाईवर बसून सांगायचा: इथे एक जाडा मठवासी काढ, झग्याखाली हंस लपवलेला. इथे गुत्तेवाली, मापात अंगठा बुडवलेली. इथे वकील, दोन्ही हात मागे पसरलेले. इथे पाववाला, इथे वैदू, इथे घोड्यांचा व्यापारी. अशी बारा माणसं. शेवटचा बारावा म्हणजे घरोघरचे घाणीचे खड्डे उपसणारा, हातात लाकडी बादली.

हॅमंडने एकदा विचारलं होतं, हे लोक चालले कुठे. गॉडफ्री म्हणाला, एका पुलावरून. पुढे विचारलं, चांगले आहेत की वाईट. तर तो म्हणाला, तू काढ रे, चांगलं-वाईट कवीला कळतं. विषय संपला. हॅमंडने बाराही माणसं आमच्याच गल्लीतून उचलली आणि जीव लावून काढली.

त्या सालचं वारं तुम्हाला आठवत नसेल. इंग्रजीत लिहिलेल्या पुस्तकांवर बिशपांची वक्रदृष्टी होती. धर्माविषयी काहीबाही बोलणारे, संतांच्या मूर्तींना लाकूड म्हणणारे लोक इंग्रजीतले कागद एकमेकांना गुपचूप देतात, असं बोललं जायचं. ज्याच्याकडे असं काही सापडे त्याला नुसत्या सदऱ्यावर, अनवाणी, खांद्यावर सरपणाची मोळी देऊन बाजारातून फिरवत. मोळी कशासाठी, तर पुन्हा सापडलास तर हीच तुझ्या पायाशी रचू, हे समजावं म्हणून. स्मिथफील्डच्या मैदानात एकदा ती रचलीही गेली होती. वारा आमच्या बाजूला होता त्या दिवशी. हॅमंडने सगळ्या खिडक्या लावून घेतल्या होत्या आणि नंतर आठवडाभर मांस खाल्लं नव्हतं.

तर एका शुक्रवारी सकाळी बिशपांच्या कचेरीचे दोन शिपाई आले आणि गॉडफ्रीला दुकानातून घेऊन गेले.

मी समोरच कातड्याला पेज लावत होतो. कशासाठी नेलं, हे शिपायांनी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. पण दुपारी गुत्त्यात लोकांनी विचारलं तेव्हा 'माहीत नाही' असं उत्तर द्यायला मला जड गेलं. एवढ्या लोकांनी पेले खाली ठेवून माझ्याकडे पाहिलेलं. मी म्हणालो, दुसरं काय असणार, इंग्रजी पुस्तकं. शपथेवर म्हणालो नाही. पण म्हणालो.

संध्याकाळच्या प्रार्थनेच्या घंटा व्हायच्या आधी ते वाक्य हॅमंडच्या घरी पोचलं. वाटेत ते बरंच लठ्ठही झालं होतं: गॉडफ्रीचा छळ चालू आहे, त्याने नावं सांगितली, लेखनिक पळाला.

पुढचं मला एव्हिसने नंतर सांगितलं, आणि सांगताना तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मी इथे लिहीत नाही.

हॅमंड जुडी मांडीवर घेऊन बसला. आठ पानं, बारा माणसं आणि त्यांच्यामध्ये काळ्या किड्यांसारखी ओळींमागून ओळ. त्या ओळींत काय आहे? कदाचित देवाचं गाणं असेल. कदाचित पोपना शिव्या असतील. तीन महिने तो त्या ओळींच्या शेजारी बसून काम करत होता आणि आता त्याला वाटू लागलं की त्या आपल्याकडे पाहतायत. त्याने पान उलटं केलं, सुलटं केलं, उजेडात धरलं. मठवाशाच्या झग्याखाली हंस होता. मठवाशाने हंस चोरला, असं कोणी म्हटलं तर ते पाखंड होतं का? वकिलाने हात मागे का पसरले होते? त्याला काही माहीत नव्हतं. मोळी खांद्यावर घेऊन फिरताना लोक विचारतील, काय केलंस रे, आणि त्याला तेही सांगता येणार नव्हतं.

एव्हिसने सरळ सुचवलं, जाळून टाका. पण कातडं जळलं की सगळ्या गल्लीला वास जातो, आणि तो वास कशाचा हे आमच्या गल्लीत तान्ह्या पोरालाही कळतं. मग म्हणाली, नदीत टाका. तर कातडं तरंगतं. बरं, पुस्तक दुसऱ्याचं. जुडी गेली असती तर चिताऱ्यांच्या संघाने त्याला कायमचं काढून टाकलं असतं, आणि त्याला दुसरं कुठलं काम येत नव्हतं. खरवडायचं म्हटलं तर अक्षरं खरवडताना पकडला गेलेला माणूस काय उत्तर देणार?

'कोणाकडून तरी वाचून घ्या ना,' एव्हिस म्हणाली.

'कोणाकडून?'

'हॉबभाऊंना येतं थोडंफार इंग्रजी वाचायला.'

हॉबभाऊ म्हणजे मी. यावर हॅमंड काय म्हणाला ते एव्हिसने मला शब्दशः सांगितलं, आणि ते मला अजून टोचतं. 'त्यापेक्षा चर्चच्या घंटाघरावर चढून ओरडतो.'

तर असा तो शनिवारी सकाळी उजाडताच दार लावून कामाला बसला. त्याच्या भीतीने त्याला एक युक्ती सांगितली होती. अक्षरं बदलता येत नव्हती, पण माणसं त्याच्या हातातली होती. पुस्तकात कोणी येऊन पाहिलंच, तर आधी चित्रंच दिसणार. आणि चित्रांत जर सगळे संत असले, तर पुस्तक पवित्र. संतांचं पुस्तक कोण जाळेल?

त्याने प्रत्येकाच्या डोक्यामागे सोन्याची प्रभावळ चढवली.

नुसत्या पिवळ्या रंगाची नव्हे. घाबरलेला असला तरी हात चिताऱ्याचा होता. खडू, सरस, थोडा मध यांचा लेप, तो वाळल्यावर त्यावर तोंडाची वाफ सोडून सोन्याचा वर्ख, वर कुत्र्याच्या दाताने घोटलेली झिलई. मठवासी झाला, गुत्तेवाली झाली, वकील झाला. मंगळवारी दुपारी अकरावी प्रभावळ घोटून झाली आणि वर्ख संपला. बारावा, तो बादलीवाला, तसाच राहिला. नवा वर्ख आणायचा तर सोनारांच्या गल्लीत जावं लागणार, आणि सोनार विचारणार, एवढा कुठे लावलास. हॅमंड गेला नाही. बादलीवाल्याकडे पाहून म्हणाला म्हणे, की तू एकटा साधा माणूस असलास तर काय बिघडतं.

बुधवारी सकाळी बिशपांच्या कचेरीतले कारकून मास्टर थर्स्टन आमच्या गल्लीत आले. काटकुळे, कायम सर्दी झालेले, बाहीत रुमाल. सरळ हॅमंडच्या दारात गेले. मला त्याच क्षणी आठवलं की मला हॅमंडकडून थोडा सरस उसना हवाय.

मी आत गेलो तेव्हा हॅमंड भिंतीला टेकून उभा होता. भिंत नसती तर पडला असता. मास्टर थर्स्टन तिपाईवर बसून सावकाश सांगत होते, आणि ते जे सांगत होते ते ऐकून माझ्याच कानाच्या पाळ्या गरम झाल्या. गॉडफ्रीला इंग्रजी पुस्तकांसाठी पकडलेलंच नव्हतं. त्याने दोन बायकांना लग्नाचं वचन दिलं होतं. एक साउथवर्कची, आधीची. आणि दुसरी मिरीच्या व्यापाऱ्याची विधवा. पहिलीने तक्रार केली. आता विधवा म्हणत होती की तो तिच्यासाठी लग्नाची भेट म्हणून पुस्तक करवून घेतोय. गॉडफ्री म्हणत होता, छे, ते नुसतं गिऱ्हाइकाचं काम. कचेरीला एवढंच पाहायचं होतं की पुस्तकावर त्या विधवेची खूण, मिरीचा घोस, कुठे रंगवलाय का. बस्स.

'घाबरू नकोस,' मास्टर म्हणाले. 'तुझा यात काही संबंध नाही. जुडी दाखव, मी जातो.'

हॅमंड हलला नाही. एव्हिसने सांडपाण्याच्या घागरीमागून जुडी काढली. पुस्तकाचं काम घागरीमागे का ठेवलंय, असा प्रश्न मास्टरांच्या चेहऱ्यावर आला आणि तिथेच थांबला. त्यांनी जुडी उघडली.

पहिल्या पानाच्या कोपऱ्यात मिरीचा घोस होताच. त्यांनी मान हलवली. मग नजर जरा खाली गेली.

मी त्यांच्या खांद्यामागे होतो, त्यामुळे मलाही दिसलं. झग्याखाली हंस दडवलेला मठवासी, आणि डोक्यामागे सोन्याचा असा लखलखाट की पाटावर उजेड पडावा. मास्टर थर्स्टन शिंकले. पान उलटलं. मापात अंगठा बुडवलेली गुत्तेवाली, प्रभावळीसकट. मग त्यांनी पुन्हा पहिलं पान काढलं आणि ते मोठ्याने वाचू लागले.

तीन महिन्यांत हॅमंडने ती कविता पहिल्यांदा ऐकली, आणि ती अशी ऐकली. कवीला स्वप्न पडतं. मोठा पूल आहे, पलीकडे उजेड आहे, पुलाच्या तोंडाशी दरवान. एकेक माणूस येतो आणि दरवान विचारतो, काय नेतोस. मठवासी म्हणतो, उपास नेतो. आणि झग्याखालचा हंस ओरडतो. मठवासी पाण्यात पडतो. गुत्तेवाली म्हणते, भरलेलं माप नेते. अंगठा काढल्यावर माप अर्धं. तीही पाण्यात. वकील दोन्ही पक्षांकडून हात भरून घेतो आणि त्या वजनाने बुडतो. कवितेत धर्माविरुद्ध एक अक्षर नव्हतं. चर्चमध्ये दर लेंटच्या उपासांत सांगतात तेच पापांचं कीर्तन होतं, जरा खुसखुशीत. मास्टर वाचत होते आणि प्रत्येक पापी बुडाला की थांबून त्याच्या प्रभावळीवर नख टेकवत होते.

अकरा वेळा.

हॅमंडचे ओठ पांढरे पडले होते. एव्हिसने त्याच्या सदऱ्याची पाठ मुठीत धरली होती. मी सरस विसरलो.

'संतांची चेष्टा कोण करतं ठाऊक आहे तुला?' मास्टर थर्स्टनचा आवाज आता सर्दीचा राहिला नव्हता. 'मूर्ती म्हणजे लाकूड, प्रभावळ म्हणजे पिवळा रंग, असं कोण म्हणतं? चोराच्या डोक्यामागे प्रभावळ लावून हसायचं कोणाला सुचतं?'

हॅमंड भिंतीला आणखी चिकटला.

एव्हिस म्हणाली, 'मास्टर, त्याला वाचता येत नाही. आत काय आहे ते त्याला माहीतच नव्हतं.'

'माहीत नव्हतं, तर प्रभावळ कशाला?'

या प्रश्नाला खरं उत्तर एकच होतं: भीतीने. आणि तेच देता येत नव्हतं. ज्याच्या मनात काही नाही तो घाबरेल कशाला, असा पुढचा प्रश्न तयार होता. ही भीती गल्लीत कोणी पेरली, असा त्याच्यापुढचाही एक प्रश्न होता, आणि तो मास्टरांना सुचू नये म्हणून मी तीन संतांची नावं मनात घेतली.

'शिवाय,' मास्टर म्हणाले, 'तीस वर्षं पुस्तकांच्या धंद्यात, आणि अक्षर येत नाही? वकिलालाच नेमकी सगळ्यात मोठी प्रभावळ? इकडे ये.'

त्यांनी शेवटचं पान उघडून पाटावर ठेवलं. बादलीवाल्याचं. त्याच्या शेजारच्या ओळींवर त्यांनी बोट ठेवलं.

'वाच.'

आता ही गोष्ट सांगायलाच हवी. आमच्याकडे जुना नियम आहे: फासाच्या गुन्ह्यात सापडलेल्या माणसाने स्तोत्रातलं एक ठरलेलं कडवं वाचून दाखवलं, तर तो शिकलेला, म्हणजे चर्चचा माणूस ठरतो आणि त्याची मान वाचते. त्यामुळे शहरातले झाडून सगळे भुरटे चोर ते लॅटिन कडवं पाठ करून ठेवतात, आणि चोर नसलेले भित्रेही. कचेरीतल्या माणसाने पुढ्यात पुस्तक ठेवलं आणि 'वाच' म्हटलं की काय करायचं, एवढं एकच शिक्षण हॅमंडच्या बापाने त्याला दिलं होतं.

हॅमंड पुढे झाला. पाठ ताठ. त्याने बोट ओळीवर ठेवलं, डोळे मिटले, आणि त्या इंग्रजी कवितेवरून, घाणीचे खड्डे उपसणाऱ्याच्या वर्णनावरून, खणखणीत आवाजात लॅटिन स्तोत्र म्हटलं. देवा, माझ्यावर दया कर, इथून सुरुवात करून एकही शब्द न चुकता. बोट ओळीवरून चाललं होतं, पण उजवीकडून डावीकडे. ओळी संपल्या, स्तोत्र संपलं नाही. बोट पानाच्या कडेवर गेलं, चित्रावर आलं आणि बादलीत येऊन थांबलं. तिथे त्याने आमेन म्हटलं.

बाहेर जपमाळांच्या दुकानात मणी घासल्याचा आवाज येत होता.

'नेहमी असंच वाचतो का हा?' मास्टरांनी विचारलं.

'मास्टर, लोण्याच्या मडक्यावर काय लिहिलंय विचारलं तरी हेच म्हणतो,' एव्हिस म्हणाली.

मास्टर थर्स्टननी रुमाल काढला आणि बराच वेळ नाक शिंकरलं. रुमालाआड तोंडाचं काय चाललं होतं ते मला दिसलं नाही. खांदे मात्र हलत होते. रुमाल खाली आला तेव्हा चेहरा पुन्हा कचेरीचा झाला होता.

'मूर्खपणा म्हणजे पाखंड नव्हे,' ते म्हणाले. 'असता तर लंडनला लाकडं पुरली नसती. पण हे असं राहता कामा नये. खरवड.'

हॅमंडने मान हलवली, पण नकारार्थी. बिशपांच्या कारकुनाला त्याने नकार दिला! मग स्वतःच दचकला आणि घाईघाईने सांगू लागला, की लेप कातड्यात मुरलाय, खरवडलं तर भोक पडेल आणि मागच्या पानावरची अक्षरं जातील. रंग चढवता येईल फार तर. कशाचा रंग, मास्टरांनी विचारलं. एव्हिसने उत्तर दिलं, कारण तिला घरातलं सगळं सुचतं: गोल आहे ना, मग टोप्या करा.

शनिवारपर्यंतची मुदत मिळाली. मास्टर गेले आणि हॅमंड जो जमिनीवर बसला तो दुपारपर्यंत उठला नाही. मग उठून त्याने टोप्या केल्या. मठवाशाला गवती, रुंद काठाची. वकिलाला लोकरीची, लांब शेपटाची. गुत्तेवालीला माथ्यावर मडक्याएवढी. अकरा टोप्या, अकरा तऱ्हांच्या; लेप उंच असल्यामुळे त्या पानातून चांगल्या बोटभर वर आल्यासारख्या दिसायच्या. पुढे दोन वर्षं आमच्या गल्लीतल्या चिताऱ्यांमध्ये तसल्या फुगीर टोप्यांची फॅशन होती, आणि ती कुठून आली ते मी कोणाला सांगितलं नाही. म्हणजे फारसं नाही.

शनिवारी मी त्याच्याबरोबर कचेरीत गेलो. भोचकपणा म्हणून नव्हे. तो एकटा तिथवर पोचला नसता. मास्टर थर्स्टननी टोप्या पाहिल्या, हूं म्हणाले आणि जुडी परत दिली. मी हॅमंडची बाही ओढली, चल. कोणीही शहाणा माणूस तिथून पळत सुटला असता.

हॅमंड उभाच राहिला.

'मास्टर,' तो म्हणाला. 'तो शेवटचा. त्याचं वाचायचं राहिलं.'

'काय राहिलं?'

'तुम्ही अकरा वाचलेत. बाराव्याचं मला वाचायला सांगितलंत.' त्याने जुडी पुढे केली. 'तो बुडतो का?'

मला वाटलं आता संपलं. पण मास्टरांनी जुडी पुन्हा हातात घेतली आणि उभ्याउभ्याच वाचलं. दरवान नाक धरून विचारतो, काय नेतोस. बादलीवाला म्हणतो, या सगळ्यांनी टाकलेलं. मी काही जमवलं नाही, नुसतं उचललं. दरवान बाजूला होतो. एवढंच, चार ओळी.

'माझा वर्ख संपला होता,' हॅमंड म्हणाला. 'म्हणून त्याला...'

'बरंच झालं. आता त्याला हात लावू नकोस. आहे तसा राहू दे. समजलं?'

समजलं, असं हॅमंडने तीनदा सांगितलं.

कचेरीतून माझं दुकान चाळीस पावलं. ती जुडी माझ्याकडे यायला दोन दिवस लागले. सोमवारी एव्हिस घेऊन आली. हॅमंडला ताप होता म्हणे. मी जुड्या शिवताना पान उन्हात धरलं. बादलीवाल्याचं डोकं उघडंच होतं, हुकमाप्रमाणे. पण बादलीच्या काठावर, केसाएवढी बारीक, सोन्याची कड चमकत होती. वर्ख कापायच्या कातडी उशीच्या शिवणीत जे कण अडकतात ना, ते सुईने टिपून काढले असणार. दोन दिवसांचं काम, आणि मोळीची भीती खांद्यावर घेऊन केलेलं.

मी शिवलं, दोन्ही बाजूंना लाकडी पाट्या घातल्या, कातडं चढवलं. कचेरीने गॉडफ्रीला साउथवर्कच्या बाईच्या पदरात टाकलं; पुस्तक विधवेने हट्टाने ठेवून घेतलं.

तेव्हापासून हॅमंड हंसांना, गडगडाटाला भ्यायचा बंद झाला. त्याला वेळच नव्हता. त्याला एकच भीती उरली. महिन्या-दोन महिन्यांनी माझ्या दुकानात यायचा, कातड्यांना उगाच हात लावायचा, आणि मग विचारायचा, ते पुस्तक कोणी उघडलं का. एकदा मला वाईट बुद्धी झाली. मी म्हणालो, हो, विधवेने जेवणावर बिशपांच्या माणसांना दाखवलं, आणि एकाने बादलीवर बोट ठेवून काहीतरी विचारलं. हॅमंड खाली बसला. छातीवर हात, ओठ निळे. त्याला पाणी पाजून घरी पोचवलं, आणि एव्हिस सप्टेंबर संपेपर्यंत माझ्याशी बोलली नाही. त्यानंतर मी त्याची त्या बाबतीत चेष्टा केली नाही. बाकीच्या बाबतींत केली.

शेवटी शेवटी त्याचे डोळे गेले. काठी टेकत यायचा आणि नेहमीचं विचारायचा.

'कोणी उघडलं का, हॉबभाऊ?'

'नाही रे. पेटीत ठेवलंय म्हणे. कोणी पाहत नाही.'

'बरं आहे,' तो म्हणायचा, आणि सुस्कारा टाकायचा. मग दारापर्यंत जाऊन थांबायचा.

'कोणीच नाही?'